गळ्यात काही बांधणार नाही

फॉर्मवर एकवीस अटी होत्या आणि मी त्या सगळ्या वाचल्या. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर छापील कागद हातात आला की माणूस आधी चूक शोधतो. आठवी आणि तेरावी अट एकच होती, कुत्र्याला बांधून ठेवणार नाही. मी ते त्या मुलीला लगेच दाखवून दिलं. ती म्हणाली, मुद्दाम दोनदा लिहिलंय काकू, कारण लोक नेमकं तेच करतात. मला उभ्या आयुष्यात कुणी काकू म्हणून गप्प केलं नव्हतं. शाळेत सगळे बाई म्हणायचे आणि ऐकायचे.

ही मुलगी म्हणजे नगरच्या बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये जखमी, बेवारस कुत्र्यांना सांभाळणारी. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. पायात गमबूट, अंगाला फिनेलचा वास, आणि मागे चुलीवर पातेलंभर भातात कोंबडीचे पाय शिजत असलेले. तिने माझी जी उलटतपासणी घेतली, तशी माझ्या लग्नात सासरच्यांनीही घेतली नव्हती. घर स्वतःचं का? सोसायटीची हरकत नाही ना? दिवाळीला गावाला गेलात तर कुत्रं कुठे ठेवाल? तुमच्यापैकी कुणी आजारी पडलं तर? या शेवटच्या प्रश्नावर मी चिडून म्हटलं होतं की आम्ही दोघं ठणठणीत आहोत, बाळ, तू तुझी काळजी कर. तळपायाची आग मस्तकात गेली होती माझ्या.

खरं तर कुत्रं मला नको होतं. यांना हवं होतं. हे म्हणजे माझे यजमान. नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी सगळी नोकरी केली, आणि त्या कारखान्याच्या गेटवर ही पिवळट, एका कानाची कुत्री पिल्लू असल्यापासून होती. हे डब्यातली शेवटची पोळी तिच्यासाठी ठेवायचे आणि घरी मला सांगायचे की भाजी तिखट होती म्हणून पोळ्या जास्त लागल्या. खोक्यांना आवळायची प्लास्टिकची पट्टी असते ना, तसल्या पट्टीचं एक कडं लहानपणीच कधीतरी तिच्या गळ्यात अडकलं होतं. ती वाढत गेली, पट्टी तेवढीच राहिली. कातडीत रुतली. शेवटी पू वाहायला लागला तेव्हा कुणीतरी या शेडवाल्या मुलीला बोलावलं. ती पट्टी कापताना कुत्रीला धरून ठेवायला कारखान्यातलं कुणी पुढे होईना. यांनी धरलं. त्या दिवशी हे घरी आले तेव्हा शर्टाची बाही रक्ताने भरलेली होती आणि हे जेवले नाहीत.

त्यानंतर दोन महिन्यांत हे निवृत्त झाले आणि टीव्हीसमोर बसले. सकाळी बसायचे ते दुपारी उठायचे. बोलणं नाही, चालणं नाही. दर रविवारी मात्र स्कूटर काढून त्या शेडवर जाऊन यायचे. मग एक दिवस मीच म्हटलं, घेऊन या एकदाची. माणूस उठून चालायला तरी लागेल, एवढाच माझा स्वार्थ.

त्या मुलीने एकवीस अटींखाली पेनने बाविसावी लिहिली: गळ्यात काहीही बांधणार नाही, फिरवताना छातीचा पट्टा वापरणार. कारण गळ्याभोवती हाडासारखा कडक, बिनकेसांचा वळ राहिला होता आणि जरा घासलं की तो उघडायचा. शिवाय पहिली दोन वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला कुत्रीचा फोटो पाठवायचा. आणि सांभाळणं जमलं नाही तर कुत्री परस्पर कुणाला द्यायची नाही, परत शेडलाच द्यायची. मी सही केली. माझी सही अजूनही प्रगतिपुस्तकावर करायचे तशीच ठसठशीत आहे.

कुत्रीचं नाव काही ठेवलं नाही. शेडवर जे इंग्रजी नाव होतं ते यांच्या जिभेवर बसेना. हे मला लग्नापासून 'अगं' म्हणून हाक मारतात, तिलाही तसंच म्हणायला लागले. सावेडीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात 'अगं' अशी हाक आली की स्वयंपाकघरातून मी बाहेर यायची आणि गॅलरीतून ती. यांना दोघींपैकी कोण हवंय ते मग चेहऱ्यावरून ओळखायचं. बहुतेक वेळा ती हवी असायची. मी फणकारले की हे खुशीत हसायचे. दहा महिने आमच्या घरात हसणं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ दोघं फिरायला जायचे. यांची साखर खाली आली. मी डॉक्टरांना म्हटलं, औषधाचं श्रेय घेऊ नका.

श्रावणात एका सकाळी जिन्यात मांजर दिसलं आणि ती झेपावली. दोरी यांच्या पायात अडकली. पहिल्या मजल्याच्या वळणावरून हे खाली आले ते थेट तळापर्यंत. मी वरून धावले तेव्हा हे आडवे पडलेले आणि ती यांचं तोंड चाटत होती. खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, जखम चिघळली, साखर वाढली, आणि दहा दिवसांचा दवाखाना महिन्यावर गेला. आमची मुलगी परदेशात. ती व्हिडिओवर रडायची, तिची समजूत घालायचं एक आणखी काम.

मी सकाळी सहाला कुत्रीला फिरवायची, भात टाकायची, दवाखान्यात जायची, दुपारी परत, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. घरी कुणी नसलं की ती विव्हळायची. खालच्या मजल्यावर बारावीचा मुलगा होता, त्याची आई एकदा हात जोडून आली. भांडायला आली असती तर मी बघून घेतलं असतं. हात जोडल्यावर काय करणार? माझे गुडघे जिन्याला नाही म्हणायला लागले होते. नाकी नऊ आले म्हणजे काय ते मला साठीनंतर कळलं.

मग मी शेडवाल्या मुलीला फोन केला. अट तुझीच आहे, म्हटलं, परत घे, हे बरे होईपर्यंत तरी. ती म्हणाली की शेडमध्ये डिस्टेंपर या कुत्र्यांच्या रोगाची साथ आलीय, रोज दोन-तीन पुरतेय, आत्ता नवीन कुत्रं आत घेणं म्हणजे त्याला मारणं. तीन-चार आठवडे थांबा काकू. तिचा आवाज खोल गेला होता, दोन दिवस झोपली नसावी. मला तेव्हा तिची दया आली नाही. मी म्हटलं, अट घालताना जागा होती आणि पाळताना नाही, हा कुठला हिशेब? आणि फोन ठेवला. अजून दोन ठिकाणी विचारलं. एक जण म्हणाला, आम्ही फक्त अपघातातली घेतो. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी प्राण्यांवर प्रेम कसं करावं यावर मला सात मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवलं.

त्याच आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी यांना बघायला दवाखान्यात आला. चाळिशीचा बाप्या आता, तिसगावजवळ वस्तीवर शेती करतो, कांदा घेऊन नगरला येतो. गणितात ढ होता. मी त्याच्या हातावर पट्ट्या मारल्यात, आणि ते आज मला भूषणावह वाटत नाही. तरी तो दर वेळी माझ्या पाया पडतो आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. त्या दिवशीही कॉटच्या पायथ्याशी उभाच राहिला. माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाला, "बाई, मी न्हेतो तिला वस्तीवर. सर चालाया लागले की आनून देतो."

यांना मी विचारलं नाही, सांगितलं. हे छताकडे बघत एवढंच म्हणाले की तिच्या गळ्याला जप म्हणावं.

परस्पर कुणाला द्यायची नाही ही अट मी अशी मोडली. शेडवाल्या मुलीला कळवलं नाही. त्याच्या टेम्पोत कुत्री पुढच्या सीटवर बसून गेली, खिडकीतून तोंड बाहेर काढून. मी वळून जिना चढले आणि घरी जाऊन झोपले, भर दुपारी, चार तास.

शेवटी हे घरी आले, कॉटवर. व्यायाम करायला येणाऱ्या मुलाला हे दाद देईनात. मग मी यांना सांगितलं, तुम्ही जिना उतरलात की आपण तिला आणायला जायचं. त्या दिवसापासून पाय उचलायला लागले. म्हणजे आमिष माझंच.

नवरात्रात शेजारणीला यांच्यापाशी बसवून मी तिसगावला गेले, बघून येते म्हणून. करंजीचा घाट उतरून एसटी तिसगावला थांबली, तिथून तो मोटरसायकलवर घेऊन गेला. वस्ती म्हणजे दोन खोल्या, गोठा, विहीर आणि चहूबाजूंनी पुरुषभर तूर, पलीकडे डोंगर. ती मला बघून जी धावत सुटली! अंगाने भरली होती, पाय चिखलाने माखलेले. माझ्या साडीवर पंजे उमटले आणि मी त्या वेळी काही बोलले नाही. मग तिचं डोकं जवळ घेतलं तर हाताला टोचलं.

तिच्या गळ्यात जाड चामड्याचा पट्टा होता आणि त्यातून बोटाएवढाले खिळे बाहेर आलेले. तिसगावच्या बाजारातून घेतला म्हणे. मी तो पट्टा बाजूला सरकवला तर खाली वळ उघडलेला, ओला, लालभडक. मला काय झालं ते सांगता येत नाही. यांची ती रक्ताने भरलेली बाही डोळ्यासमोर आली, ती बाविसावी अट आली, आणि मी परक्याच्या अंगणात, त्याच्या बायकोसमोर, त्या माणसावर शाळेत ओरडायची तशी ओरडले. एक अट मोडली होती, ही तरी पाळायचीच, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

तो खाली मान घालून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, बिबट्या फिरतोय हिकडं. त्यो कुत्र्याला गळ्यालाच धरतो. खिळं लागलं की सोडतो."

हे त्याने मला सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

मी म्हटलं, आधी काढ तो. जखम वाळू दे. मग बघू. आणि मला विचारल्याशिवाय पुन्हा घालायचा नाही. शेवटचं वाक्य मी बोट वर करून बोलले. त्याची बायको काहीतरी म्हणणार होती. त्याने तिच्याकडे नुसतं बघितलं. पट्टा काढला, गोठ्याच्या खुंटीला अडकवला. मी पिशवीतून मलम काढून लावलं, आणि मग यांना दाखवायला म्हणून तिचे भरपूर फोटो काढले. विहिरीपाशी, गोठ्यात, तुरीच्या कडेला, जीभ बाहेर काढून. सगळ्या फोटोंत गळा मोकळा, पण जखम दिसणार नाही इतक्या लांबून.

दहा दिवसांनी त्याचा फोन आला. वळ सुकत आलाय म्हणाला, आणि शेजारच्या वस्तीवरनं काल वासरू गेलं. "पट्टा घालू का आता, बाई?"

मी यांना पायऱ्यांच्या व्यायामाला उभं करत होते. म्हटलं, फोटो पाठव आधी. त्याने गळ्याचा फोटो पाठवला. कडेला एक लालसर रेघ अजून होती. मी चष्मा लावून, मोठा करून बघितला, वही तपासावी तसा. आणि म्हटलं, "अजून आठ दिवस थांब."

तो बरं म्हणाला.

पाचव्या दिवशी पहाटे धार काढायच्या वेळी गोठ्याकडे जनावरं बुजली. ती भुंकत तिकडे गेली. तो कंदील-काठी घेऊन धावेपर्यंत आवाज बंद झाला होता. उजाडल्यावर तुरीत सापडली. हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं, एकेक शब्द सावकाश. विहिरीजवळ पुरलं म्हणाला. मी गॅलरीत उभी होते आणि आत हे रेडिओ ऐकत होते.

मी वाट बघत होते, की तो म्हणेल, तुमी नको म्हनाला म्हणून. म्हणायला हवं होतं त्याने. मला शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या. त्याऐवजी तो म्हणाला, "माझीच चूक झाली बाई. मी घालाया पायजे हुता." आवाज अगदी सातवीतला. मी पट्टी उचलायच्या आधीच तो हात पुढे करायचा.

आणि मी काय केलं? मी त्याला म्हटलं, सरांना सांगू नकोस. त्यांनी विचारलं तर बरी आहे म्हण. मी कारण असं दिलं की यांचा व्यायाम थांबेल. ते खरंही आहे. पण मला यांच्यासमोर उभं राहून 'पट्टा मीच नको म्हटलं' हे वाक्य बोलायचं नव्हतं, हे त्याहून खरं आहे. पुढच्या रविवारी यांनी हौसेने त्याला फोन लावला. स्पीकरवर त्याचा आवाज आला, मस्त हाय सर, लई पळती. मग तो काही वेळ खोकत राहिला. बाईंनी सांगितलं होतं ना.

पाच तारीख आली. फोटो पाठवायचा होता. मी नवरात्रातला एक पाठवला, विहिरीपाशी बसलेली. शेडवाल्या मुलीचं लगेच उत्तर आलं. तिच्याकडची साथ तेव्हा ओसरली होती, शेडमध्ये जागा झाली होती. पण तिने कुत्री कुठे आहे ते विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मीच कुठे शेतावर फिरवायला नेलं असेल असं तिला वाटलं असणार. तिने लिहिलं होतं, गळ्यात काही बांधत नाही ना, अंगाने किती छान भरलीय, थँक्यू काकू. सगळे असे पाळत नाहीत.

ते वाचून मी मोरीत जाऊन नळ सोडला.

त्यानंतर तीन महिने झाले. तीन फोटो आणखी गेले. गोठ्यातला गेला, तुरीच्या कडेचा गेला, जीभ बाहेर काढलेला गेला. मी दर चार तारखेला ठरवते की उद्या त्या मुलीला खरं लिहायचं. दर रविवारी ठरवते की आज यांना सांगायचं. शब्दसुद्धा जुळवलेत. आयुष्यभर मुलांना म्हटलं की उत्तर चुकलं तर चुकलं म्हणा, खोडून वर गिरवू नका. आणि माझी वही मी अशी घाण करून ठेवलीय. मला रात्रंदिवस स्वतःची किळस येते, आणि तरी सकाळी चहा करते, यांना गोळ्या देते, दळण आणते. कुणाला चेहऱ्यावरून कळत नाही, याचंच मला भय वाटतं.

घरात हे अजूनही 'अगं' म्हणून हाक मारतात. आता मी एकटीच बाहेर येते.

काल सकाळी शेजारणीकडून विरजण घेऊन आले तर हे कॉटवर नव्हते. काठी नव्हती, पायातले बूट नव्हते. धावत पहिल्या मजल्याच्या वळणापर्यंत उतरले. हे खाली, तळाच्या पायरीवर उभे. दोन्ही मजले एकट्याने उतरले होते. घामाने निथळत होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तिचा तो छातीचा पट्टा. धुऊन, वाळवून, घडी घातलेला. कधी धुतला कोण जाणे.

माझ्याकडे वर बघून हसले. इतके महिने मी ते हसू बघितलं नव्हतं.

"उतरलो बघ," म्हणाले. "आता आणू या तिला. कधी जायचं?"

मी तिथेच, वरच्या पायरीवर, कठड्याला धरून उभी राहिले. सगळे शब्द जुळवलेले होते. तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "अजून आठ दिवस थांबा."

हे बरं म्हणाले.